उजेड कुणी आणला?

मागच्या उन्हाळ्यात गडचिरोली जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी एका छोट्या समारंभाला हजर होतो. सरकारी कागदात जिला रोहित्र म्हणतात आणि गावात डीपी म्हणतात, ती वस्तू नव्याने बसली होती. हळदकुंकू वाहून झाले, नारळ फुटला आणि पाहुणे बोलायला उभे राहिले. पाहुणे बऱ्याच वरच्या हुद्द्यावरचे होते. ते म्हणाले, "पिढ्यानपिढ्या अंधारात राहिलेल्या या भागात आज आम्ही उजेड आणला आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पहिल्या रांगेत बसवलेल्या म्हाताऱ्याला तेवढे करावेच लागते. पण परतीच्या एस.टी.त ते वाक्य वहाणेत शिरलेल्या खड्यासारखे टोचू लागले, आणि अजून टोचते आहे.

त्या वाक्यातला अभिमान मला खुपत नाही. रानातून खांब उभे करीत जाणाऱ्या लाइनमनला अभिमान वाटावा असेच ते काम आहे. मला खुपते ती त्या वाक्याची दिशा. कोणीतरी बाहेरून, मुंबईहून म्हणा की नागपूरहून, उजेड नावाचा माल गाडीत घालून आणला आणि या रानात उतरवला, असे चित्र त्यात आहे. माझे म्हणणे असे, की हे चित्र भिंतीवर उलटे टांगलेले आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली हा १९८२ पर्यंत एकच जिल्हा होता. या मुलुखातून उजेड कितीतरी वर्षे बाहेर जात आला आहे. इथे पोचतो आहे तो त्याचा उरलासुरला हप्ता.

हे बोलण्याआधी मला स्वतःची कबुली दिली पाहिजे. मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. दरवर्षी 'विजेचा दिवा' हा पाठ आला, की फळ्यावर दिव्याची आकृती काढायची, बाण दाखवायचे आणि नावे लिहायची : काच, टंगस्टनची तार, आरगॉन व नत्रवायू, पितळी टोपी. मग टंगस्टनचा वितळबिंदू ३४२२ अंश, सर्व धातूंत सर्वांत जास्त, हे वाक्य मुलांकडून तीनदा म्हणवून घ्यायचे. परीक्षेत चार बाणांना चार गुण. ती यादी खोटी नव्हती, पण अपुरी होती. आणि मुलुखाबद्दलचे गैरसमज बहुधा अशा अपुऱ्या यादीतूनच जन्मतात. फळ्यावरची चारही नावे परकी असल्यावर, दिवा ही परक्यांची कृपा आहे हे पोराच्या मनात आपोआप ठसते. पाहुण्यांचे वाक्य टाळ्यांनी स्वीकारणारे श्रोते माझ्यासारख्या मास्तरांनीच तयार केले आहेत.

१९९० च्या सुमाराची गोष्ट. कुरखेड्याच्या पलीकडच्या एका शाळेत मी होतो. दिवा आतून पाहता यावा म्हणून जळालेले दिवे मुलांना आणायला सांगितले होते. गावात विजेची घरे मोजकी, त्यामुळे दिवेही मोजकेच आले. एका मुलाने काच आणि टोपी यांच्या सांध्यातला तपकिरी, कडक पदार्थ खिळ्याने खरवडून काढला आणि विचारले, हे काय? माझ्या आकृतीत त्याला बाण नव्हता. मी म्हणालो, "असेल काही सिमेंट." त्याने तो तुकडा पत्र्यावर ठेवून खालून काडी धरली, नाक जवळ नेले आणि म्हणाला, "लाख होय जी, गुरुजी. वास घेऊन पाहा न." मी त्याला सांगितले की लाख बांगड्यांत असते, दिव्यात नसते. मुले हसली. तो खाली बसला.

तो बरोबर होता. पुढे नागपूरला एका ग्रंथालयात दिव्यांच्या कारखान्यांवरचे एक जुने इंग्रजी पुस्तक हाती लागले तेव्हा मला ते कळले. तापणाऱ्या तारेच्या दिव्याची काच आणि धातूची टोपी ज्या लुकणाने जोडत, त्यात संगमरवराची पूड, काही राळ आणि लाख असे. पूड मुख्य, पण धरून ठेवण्याचे काम लाखेचे आणि राळेचे. लाख मंद आचेवर वितळते. आणखी तापवत नेली की पुन्हा न वितळणारी, घट्ट, कठीण होऊन बसते. काचेलाही चिकटते, धातूलाही चिकटते आणि वीज वाहू देत नाही. दिव्याच्या मानेशी नेमका असाच पदार्थ हवा असतो. कारखान्यात टोपीत लुकण भरून काच बसवायची आणि टोपी तापवायची, की सांधा कायमचा. तारेचे कौतुक सर्वांनी केले, पण माणूस दिवा बसवताना हातात धरतो तो या सांध्याच्या भरवशावर. धारकात फिरवताना टोपी हातात आणि काच खाली, असे होत नव्हते याचे श्रेय पळसावरच्या आणि कुसुमावरच्या एका किड्याचे होते.

तो किडा किती लहान! त्याच्या संख्येवरूनच लाखेला लाख हे नाव पडले असे सांगतात. पळसाच्या किंवा कुसुमाच्या कोवळ्या फांदीला बीजलाखेच्या काड्या बांधायच्या, किडे फांदीभर पसरतात, रस शोषतात आणि अंगाभोवती राळेचे कवच करतात. पळसावरची वैशाखी आणि कतकी, कुसुमावरची जेठवी आणि अगहनी अशी चार पिके. कतकी नावाप्रमाणे कार्तिकात, म्हणजे आपण दिवाळी करतो त्याच दिवसांत उतरते. झाडावर चढून फांदी छाटायची, कवच खरवडायचे आणि बाजाराच्या दिवशी व्यापारी देईल त्या भावाला घालायचे. तिथून गोंदियासारख्या ठिकाणच्या कारखान्यांत ती धुतली, गाळली, पत्रीच्या रूपात ओढली जाई आणि परदेशी जाई. जगाला लागणाऱ्या लाखेपैकी बहुतेक लाख त्या काळी हिंदुस्थान पुरवीत असे. तिच्यावर संशोधन करण्यासाठी १९२४ साली रांचीजवळ नामकुमला एक संस्थाही निघाली. आपल्या आजोबांनी ऐकलेले बालगंधर्वही याच लाखेच्या तबकड्यांत बंदिस्त होते. पण तो विषय निराळा. मला एवढेच सांगायचे आहे, की ज्या काळात कुरखेड्याच्या रानात एकही विजेचा दिवा नव्हता, त्या काळात अशा रानांतली लाख लंडनच्या आणि न्यूयॉर्कच्या घरांत दिव्याच्या गळ्यापाशी बसलेली होती. मग अंधारात कोण, आणि उजेड आणणारा कोण?

कोणी म्हणेल, लुकण ही किरकोळ गोष्ट, तार महत्त्वाची. ठीक आहे, तारेकडे वळू. टंगस्टनची तार १९०४ साली युस्ट आणि हानामान यांनी हंगेरीत पेटंट घेतल्यानंतरची. ती ओढता येईल इतकी लवचीक केली ती कूलिजने, पुढच्या सहासात वर्षांत. आणि काचेत वायू भरून ती टिकाऊ केली लँगम्यूरने, १९१३ साली. त्यापूर्वी वीसपंचवीस वर्षे दिव्यात जळत होता तो कोळसा झालेला वनस्पतींचा धागा. एडिसनला १८८० साली जो धागा हजार तासांहून अधिक टिकताना दिसला तो बांबूचा होता. त्यासाठी त्याने माणूस चीन-जपानला धाडला आणि क्योटोजवळचा बांबू पसंत केला. तेवढ्यावर तो थांबला नाही. १८८८ साली न्यू जर्सीतल्या जेम्स रिकाल्टन नावाच्या शाळामास्तराला त्याने अधिक चांगल्या बांबूच्या शोधात सिलोन, हिंदुस्थान, ब्रह्मदेशाकडे पाठवले. शाळामास्तराला! हे वाचले तेव्हा मला त्याचा थोडा हेवा वाटला. तो आमच्या मानवेलीच्या आणि कटांगाच्या रानात येऊन गेला असा माझा दावा नाही. परंतु ज्या वस्तूसाठी जगातला सर्वांत नाणावलेला संशोधक पृथ्वी पालथी घालीत होता, ती वस्तू इथे डोंगरच्या डोंगर व्यापून उभी होती. आणि ज्यांच्या दाराशी ती होती त्यांनी तिला हात लावला तर गुन्हा, कारण १९२७ च्या वन कायद्याने बांबूला झाड ठरवले होते. तो झाड नसून गवत आहे हे कायद्याला पटायला २०१७ साल उजाडावे लागले. दरम्यान २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू आणि लाख या दोन्हींची नावे घेऊन ती गौण वनोपजात घातली आणि गावाची मालकी मान्य केली. तरीही धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला स्वतःच्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार एप्रिल २०११ मध्ये मिळाला, तोही केंद्रातला मंत्री गावात आला तेव्हा. टंगस्टनचे म्हणाल तर तोही दूर नाही. नागपूर जिल्ह्यात कुही, खोबना, आगरगाव या पट्ट्यात त्याचे खनिज आहे. पण मला टंगस्टनची मालकी सांगायची नाही. मुलांना तीस वर्षे त्याचे स्तोत्र म्हणायला लावले, तेवढे पुरे.

कारण दिव्याचे खरे मूलद्रव्य टंगस्टन नव्हेच. साठ वॉटचा दिवा हातात घ्या : वजन तीसेक ग्रॅम. तो हजार तास जळतो आणि मरतो. हजार तासांत त्याने साठ युनिट वीज खाल्ली. आपल्याकडचा कोळसा एका युनिटला सुमारे सातशे ग्रॅम लागतो, म्हणजे बेचाळीस किलो कोळसा झाला. जुन्या मापाने मणाहून जास्त! त्यात पस्तीस-चाळीस टक्के राख, म्हणजे पंधरा किलोच्या आसपास. कोळशातल्या उष्णतेचा एक तृतीयांश भाग वीज होतो आणि तारेच्या दिव्यात विजेचा विसावा भाग उजेड होतो. म्हणजे शंभर भाग जाळले तर दोन भागही उजेड पदरात पडत नाही. तीस ग्रॅमच्या काचेची यादी मी फळ्यावर लिहिली आणि बेचाळीस किलो कोळसा लिहायचा विसरलो. पंधरा किलो राखेला बाण कुठून काढायचा, हा प्रश्न मला एकाही पाठ्यपुस्तकाने पाडला नाही.

तो कोळसा कुणाचा? भूगर्भशास्त्रज्ञ त्याला गोंडवन काळाचा म्हणतात. पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीची, आज जगात नाही अशी अरण्ये गाडली गेली त्यांचा तो कोळसा. त्या खडकांना नाव देताना इंग्रज भूशास्त्रज्ञांनी १८७० च्या दशकात गोंडांच्या देशाचे नाव घेतले. पुढे दक्षिण गोलार्धातले सारे खंड एके काळी जोडलेले होते असे सिद्ध होऊ लागले, तेव्हा त्या महाखंडालाही तेच नाव लागले. आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका एवढ्या सगळ्या भूमीला गोंडांचे नाव! चांदा ही त्या गोंड राजांची राजधानी. त्यांचा परकोट अजून शहराभोवती उभा आहे. आणि त्याच शहराच्या वेशीवर, दुर्गापूरच्या खाणींशेजारी, १९८३ साली पहिला संच सुरू झालेले औष्णिक वीज केंद्र आज २९२० मेगावॅटचे आहे. त्यासाठी पाणी इरईच्या धरणाचे. शहरही तेच पाणी पिते.

या केंद्राजवळून एक तार निघते. ती १९९९ पासून सुरू आहे. पाच लाख व्होल्ट दाबाची, एकदिश प्रवाहाची, दीड हजार मेगावॅट वाहून नेणारी ही तार सुमारे साडेसातशे किलोमीटर धावत ठाणे जिल्ह्यात पडघ्याला उतरते. अभियंत्यांच्या दृष्टीने ते उत्तम काम आहे, यात शंका नाही. परंतु तिची एक गंमत पाहावी. मध्ये कुठेही न थांबता ती जाते. खालच्या गावांच्या डोक्यावरून जाते, पण त्यांच्यासाठी तिला फाटा नाही, फोडता येत नाही. ज्या वर्षांत ती भरभरून वाहत होती, त्याच वर्षांत, म्हणजे २००५ नंतरच्या भारनियमनाच्या काळात, विदर्भातल्या खेड्यांत दिवसाचे बारा-बारा तास वीज नसे. माझे दहावीचे विद्यार्थी कंदिलावर टंगस्टनचा वितळबिंदू पाठ करीत.

यावर एक उत्तर नेहमी मिळते : विजेचे जाळे एकच असते, वीज साऱ्या राज्याची, तिला चंद्रपूरची-मुंबईची असे वेगळे करता येत नाही. मान्य. मला मुंबईचा दिवा विझवायचा नाही. माझी मुलगी तिथे राहते. पण जाळे एक असते ते विजेचे. राखेचे जाळे अजून कोणी टाकलेले नाही. धूर पडघ्याला जात नाही. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातली औद्योगिक क्षेत्रे तोलून पाहिली तेव्हा चंद्रपूरचा नंबर देशात चौथा लागला होता. उजेड सर्वांचा आणि काजळी एकाची, ही वाटणी कोणत्या जाळ्याच्या नियमाने होते, ते मला पाहुण्यांनी सांगावे.

'पिढ्यानपिढ्या अंधारात' हे शब्दही मी सोडणार नाही. पाहुण्यांनी या मुलुखाची रात्र पाहिलेली नाही. दिवाळी सरली, भाऊबीज झाली, की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, शंकरपट होतात आणि रात्री नाटक. रात्री नऊ-दहाला पडदा वर जातो तो पहाटे खाली येतो. आज वडशाच्या नाटक मंडळ्या झगझगीत विजेच्या दिव्यांत खेळ करतात. पण वीज नव्हती तेव्हा नाटक बंद होते असे कोणी समजू नये. आधी टेंभे होते, मग ग्यासबत्त्या आल्या. चार बत्त्या टांगल्या की हजारो माणसे रात्रभर बसत. आणि त्या बत्तीतही पाहा काय होते! तिच्या पांढऱ्याशुभ्र जाळीत नव्याण्णव भाग थोरियमचे भस्म आणि एक भाग सीरियमचे. त्यातले थोरियम ज्या मोनाझाइटमधून निघे, ते त्रावणकोरच्या किनाऱ्यावरच्या वाळूत १९०९ साली सापडले होते. ती जाळी लावताना मी लहानपणी शेकडो वेळा पाहिली आहे. बोटाच्या धक्क्याने भुगा होई, म्हणून बत्तीवाला कोणाला जवळ येऊ देत नसे. त्या उजेडात मी शिवाजी पाहिला, एकच प्याला पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात झोपा काढल्या. याला ज्यांना अंधार म्हणायचा त्यांनी म्हणावा.

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींना दोन शब्द, कारण ही मंडळी अशा अंकातच भेटतात. दर दिवाळीला पणतीवर एक तरी हळवा लेख येतो. मातीची पणती, तेलाची धार, मंद ज्योत. विजेचा दिवा मात्र कृत्रिम, भपकेबाज, आत्मा नसलेला. आणि त्याला जोडून, आदिवासींनी आपल्या रानात, आपल्या चांदण्यात राहावे, त्यांना कशाला हवी वीज, असे एखादे वाक्य. हा लेख लिहिणारा तो विजेच्या दिव्याखाली बसूनच लिहितो. मोहाच्या तेलाच्या दिव्यावर साप चावलेल्या माणसाची जखम दिसत नाही, बाळंतीण अडली तर काही सुचत नाही. हे भामरागडकडच्या कोणालाही विचारावे. आम्हाला दिवा हवा आहे. चांगला, न झुलणारा, रात्रभर जळणारा दिवा हवा आहे. पाहुण्यांशी माझे भांडण दिव्यावरून नाही, देणगीच्या पाटीवरून आहे. भामरागड-एटापल्लीच्या कित्येक पाड्यांपर्यंत तार पोचायला स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे लागली. सत्तर वर्षांनी फेडलेल्या कर्जाला कोणी देणगी म्हणत नाही.

मधल्या काळात दिवाही बदलला. २०१५ पासून सरकारी योजनेतून एलईडी स्वस्तात वाटले गेले आणि नऊ वॉटमध्ये पूर्वीच्या साठ वॉटचा उजेड पडू लागला. हजार तासांना बेचाळीस किलोऐवजी सहा किलो कोळसा! याचे मी मनापासून स्वागत करतो. त्याच्या पोटात गॅलियम आणि नत्र यांचा स्फटिक आहे, त्यातून निळा प्रकाश निघतो, आणि वर जो पिवळा लेप असतो त्यात इट्रियम, अ‍ॅल्युमिनियम आणि, जुनी ओळख निघावी तसे, थोडे सीरियम. ग्यासबत्तीतला पाहुणा परत आला. लाख मात्र गेली. नव्या दिव्याची टोपी प्लॅस्टिकच्या अंगावर दाबून बसवतात, लुकण लागत नाही. लाखेला दुसरी गिऱ्हाइके आहेत, ती काही मरणार नाही. पण ज्या वर्षांत कायद्याने लाखेवर गावाची मालकी लिहून दिली, त्याच वर्षांत दिव्याने लाखेला रजा दिली, हा योगायोग मला गमतीचा वाटत नाही.

तारेचा दिवा आणि एलईडी यांच्या मध्ये काही वर्षे पाऱ्याचे दिवे आले : नळीचे आणि वेटोळ्याचे. त्या प्रत्येकात काही मिलिग्रॅम पारा असतो. २०१६ च्या ई-कचरा नियमांत त्यांचे नाव होते, ते गोळा करून योग्य ठिकाणी पोचवावेत असे त्यात लिहिले होते. शहरात ते होत असेल. इकडे फुटकी नळी घराच्या मागे, विहिरीच्या वाटेवर, उकिरड्यात. दिवा आणून देणाऱ्यांपैकी तो परत न्यायला कोणी आल्याचे मी ऐकले नाही. निवृत्त होण्यापूर्वी मी शाळेत एक लाकडी खोके ठेवले होते. मुलांनी घरोघरच्या जळालेल्या नळ्या आणि वेटोळी आणून त्यात रचली, मध्ये भाताचे तणस घातले, वर मी स्वतः खडूने 'पारा – हात लावू नये' असे लिहिले. न्यायला माणूस पाठवा म्हणून एका कचेरीला तीन पत्रे धाडली. दोन मराठीत, आणि भाषेमुळे अडले असेल म्हणून तिसरे इंग्रजीत. खोके अजून शाळेच्या मागच्या खोलीत आहे. नव्या गुरुजींनी परवा फोन करून विचारले, त्याचे काय करू? मी म्हणालो, राहू द्या, उंदरांनी पाडणार नाही असे ठेवा, आणि त्या समारंभाचे पाहुणे पुन्हा कधी तिकडे आले तर त्यांना दाखवा.